किनाऱ्यावर डांबराचे गोळे: आखाती देश आपापसांत हे कसं निस्तरतात?

सुरूबनातली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात पुळणीला लागूनच आमचं घर आहे. मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. घावन-चटणी, दुपारी मासे, सोलकढी, सगळा घरगुती कारभार.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. पाच वर्षांची नात संध्याकाळी पाण्यात खेळून आली ती थेट खोलीत पळाली आणि पलंगावर चढली. पांढऱ्या चादरीवर काळेकुट्ट पाय उमटले. तळव्याला डांबर, बोटांच्या बेचक्यांत डांबर. मी खोबरेल तेल घेऊन पाऊण तास त्या पोरीचे पाय चोळत बसले होते आणि ती रडत होती. चादर गेलीच, लादीवरचे डागही अजून पूर्ण निघालेले नाहीत.

तिच्या आजोबांनी विचारलं, "हे येतं कुठून?" मी सवयीनं म्हटलं, "आखातातून येतं, तेलाची जहाजं असतात ना." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग त्यांना कुणी विचारत नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

दरवर्षी पावसाच्या तोंडाला हे होतं. एकदा एका सरकारी कार्यालयात जाऊन सांगितलंही. तिथं उत्तर मिळालं, "ताई, ते वरून येतंय, आम्ही काय करणार?" वरून म्हणजे काय, पाऊस आहे का तो!

माझा चुलत दीर कतारला असतो. तो सांगतो, तिकडचे किनारे आरशासारखे. मग मला खरंच जाणून घ्यायचंय. ते सगळे देश एका चिंचोळ्या समुद्राभोवती दाटीवाटीनं बसलेत. एकाचं तेल सांडलं की चार दिवसांत दुसऱ्याच्या दारात. इराण आणि अरबांचं एकमेकांशी पटत नाही हे तर आपण रोज बातम्यांत बघतो. मग साफ कोण करतं? पैसे कोण देतं? ते एकत्र बसतात तरी का? आणि आमच्यासारख्या लांबच्या किनाऱ्यानं त्यांच्याकडे काही मागायची सोय आहे का?

"सरकार झोपलंय" एवढंच लिहू नका, ते मला माहीत आहे.

दाभोळखाडीवाला

ताई, आधी चादरीचं. खोबरेल लावून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग लाकडाचा भुसा चोळायचा, शेवटी साबण. लगेच पाणी लावलंत की डांबर धाग्यात बसतं. आणि पोरांच्या पायाला कुणी रॉकेल सांगितलं तर ऐकू नका, कातडी सोलवटते.

आता मोठं उत्तर. मी १९८४ पासून सत्तावीस वर्षं कुवेतला होतो, मधली दोन सोडून. शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. पर्यावरणातला मी कुणी तज्ज्ञ नव्हे. पण तुम्ही विचारलंत पैसे कोण देतं, आणि त्या पैशातले थोडे माझ्या घराच्या छपरावर आहेत, म्हणून लिहितो.

ते एकत्र बसतात, आणि आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधीपासून. १९७८ च्या एप्रिलमध्ये कुवेतला आठ देशांनी करार केला: बहारीन, इराण, इराक, कुवेत, ओमान, कतार, सौदी आणि अमिरात. समुद्र खराब होऊ द्यायचा नाही, आणि तेल सांडलं तर एकमेकांच्या मदतीला धावायचं. पुढच्याच वर्षी त्यासाठी संघटना निघाली, रोपमी म्हणतात तिला, कचेरी कुवेतला. १९८२ मध्ये बहारीनला आणीबाणीचं मदत केंद्र सुरू झालं. गंमत बघा, त्या समुद्राचं नाव काय यावर आजही भांडण आहे. इराणी म्हणणार फारसी आखात, अरब म्हणणार अरबी आखात. कुवेतला आमच्या हिशेबनीसानं एकदा पत्रात चुकीचं नाव घातलं तर पत्र परत आलं होतं! तर या लोकांनी काय केलं, नावच टाळलं. त्यांच्या कागदांत त्याला नुसतं "संघटनेचं सागरी क्षेत्र" म्हणतात. आपल्याकडे वहिवाटीच्या भांडणात तलाठी "वादातील जमीन" लिहून मोकळा होतो, तसंच.

करार झाला आणि दोन वर्षांत इराण-इराकची लढाई लागली. दोघेही त्याच कराराचे सदस्य! १९८३ मध्ये इराणच्या नौरोज नावाच्या तेलक्षेत्रात आधी एक टँकर समुद्रातल्या विहिरीच्या फलाटाला धडकला, मग मार्चमध्ये इराकनं हल्ला केला, आणि विहिरी समुद्रात वाहू लागल्या. मी वर्षभरानं पोचलो तेव्हाही खोलीतले जुने लोक त्याच गोष्टी सांगायचे. तिकडं नदी नाही, विहीर नाही, पिण्याचं पाणी म्हणजे समुद्राचंच गोडं केलेलं. तवंग त्या कारखान्याच्या तोंडाशी आला की नळ बंद. म्हणजे तेल हा तिथं मासळीपुरता प्रश्न नाही, घशाचा आहे. रोपमीनं सगळ्यांना बोलावलं, पण विहिरींना बूच मारण्यापुरता युद्धविराम काही ठरेना. एक विहीर त्याच वर्षी सप्टेंबरात बंद झाली, दुसरी थेट १९८५ मध्ये, आणि ती कामं करताना माणसं मेली. करार कपाटात होता, तेल समुद्रात.

मग १९९०. २ ऑगस्ट, गुरुवार. पहाटे आवाज झाले तेव्हा मला वाटलं शेजारच्या इमारतीत गॅसचा स्फोट झाला. सप्टेंबरात आम्ही अकराजण एका बसमधून निघालो. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या हद्दीवरचे तंबू, अम्मान, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास आपली माणसं तेव्हा अशी आली. निघताना मी सिव्हिल आयडी आणि पगाराच्या तीन पावत्या बनियनला आतून शिवून घेतल्या होत्या. माझा खोलीतला जोडीदार, रत्नागिरीकडचाच, त्यानं एका नाक्यावर शिपाई दिसताच घाबरून सगळे कागद बसच्या खिडकीतून टाकले. हे लक्षात ठेवा.

१९९१ च्या जानेवारीत इराकी फौजेनं तेल समुद्रात सोडलं. किमान चाळीस लाख पिंपं तरी, काही अंदाज त्याच्या दुपटीचे. सहाशेच्या वर विहिरी पेटवल्या, शेवटची विझली ६ नोव्हेंबरला. समुद्रातलं तेल वाऱ्यानं आणि प्रवाहानं दक्षिणेला सौदीच्या किनाऱ्यावर गेलं, सुमारे सातशे किलोमीटर. म्हणजे आपला डहाणूपासून रेडीपर्यंतचा अख्खा किनारा काळा झाला असं समजा.

यावेळी मात्र पैसे वसूल झाले, आणि त्याचं कारण शेजाऱ्यांचा करार नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावात लिहिलं की कुवेतवरच्या स्वारीनं झालेलं नुकसान इराकनं भरायचं, पर्यावरणाचंसुद्धा. जिनिव्हाला नुकसानभरपाई आयोग बसला. इराकच्या तेलविक्रीतून टक्केवारी कापून पैसे वाटले, सुरुवातीला ३० टक्के, पुढे बरेच कमी. एकूण ५२.४ अब्ज डॉलर. शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत गेला, तोवर सद्दाम जाऊनही पंधरा वर्षं उलटली होती.

त्यात जीव घेऊन पळालेल्या मजुरांचेही दावे होते. मी दिल्लीच्या कुवेत सेलमार्फत अर्ज केला. आयडीची झेरॉक्स, पावत्यांची झेरॉक्स. हप्त्याहप्त्यानं ४,००० डॉलर आले. घरावरची कौलं बदलली, वाशांना सागवान घातलं. जोडीदाराला खूप खेटे घालावे लागले. तो तिथं होता हे आम्ही अकराजण शपथेवर सांगायला तयार होतो, पण कागद तो कागद.

आणि ताई, देशांचंही तेच झालं, म्हणून हे पुराण लावलं. पर्यावरणाच्या खात्यात इराण, जॉर्डन, कुवेत, सौदी, सीरिया, तुर्कस्तान यांनी मिळून ८५ अब्ज डॉलरच्या आसपास मागितले. मंजूर झाले ५.२६ अब्ज. मागणी फुगवलेली होती हे आहेच. पण पुष्कळ दावे पडले ते एकाच प्रश्नावर: आधी इथं काय होतं ते दाखवा. तेल येण्यापूर्वी किती मासे, किती प्रवाळ, किती काजळी, याची वही कुणाकडे होती? आयोगानं एक शहाणपणा केला, अनेक दाव्यांत आधी पाहणी करायला पैसे दिले आणि मग भरपाईचं बघितलं. इराकशी लढलेल्या इराणलाही ते मिळाले.

सौदीच्या किनाऱ्यावर काय झालं होतं माहीत आहे? खाजणात खेकड्यांची बिळं असतात तशी तिथंही आहेत. तेल त्या बिळांतून हातभर खाली उतरलं आणि आत बसून राहिलं. वरून वाळू पांढरी दिसायची, काठी खुपसली की काळं वर. दहा-बारा वर्षांनीही तसंच. नंतर भरपाईच्या पैशातून भरतीचं पाणी खेळावं म्हणून चर खणले, तेव्हा कुठं खेकडे परतायला लागले. मी १९९२ मध्ये कुवेतला परत गेलो तेव्हा बुरगान तेलक्षेत्राकडच्या वाळवंटात तेलाची तळी पाहिली आहेत. लांबून पाणीच वाटायचं. पाखरंही तसंच समजून उतरायची.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडावरच देतो. त्या आठ देशांच्या कराराची हद्द ओमान-यमनच्या सीमेवरच्या रास धरबत अलीपासून इराणच्या पाकिस्तानकडच्या टोकापर्यंत एक रेष मारून आखलेली आहे. आपण त्या रेषेच्या बाहेर. आपला गट वेगळा, दक्षिण आशियाचा, कचेरी कोलंबोला. त्यांचा समुद्राचा कृती आराखडा १९९५ चा आहे, पण कुवेतसारखा सगळ्यांना बांधणारा करार त्यात नाही. तेव्हा आखातातल्या संघटनेला पत्र लिहून फार तर पोच येईल.

रापणकर_देवबाग

चाचानू, मस्त लिवलास. आमच्याकडे ह्या डांबार रापणीच्या दोरयेक लागता. दोर वडताना हाताक, हातातसून पोटाक, मगे जेवच्या ताटलेक. माझी आवस तर सांगता, तिच्या लानपणी पण होता, पण आता पानी लागल्याबरोबर पयलो मासो नाय, पयलो डांबराचो गोळो येता.

माका येकच इचारूचा हा. म्हादईचा पानी दोन राज्यांका वाटून घेवक जमना नाय, थय आठ देश काय कपाळ जमवतले? इराणचो टँकर आसलो तर इराण पैशे दितलो? टँकरावर झेंडो पनामाचो, मालक दुबयचो, खलाशी आमचे. भांडूचा कोनाशी?

इंजिनरूम_निवृत्त

देवबागच्या दादांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. मी तेवीस वर्षं टँकरवर होतो, सेकंड इंजिनियर म्हणून उतरलो. आता अलिबागजवळ नारळ मोजतो. चाचांच्या लिखाणाला हात लावत नाही, पण एक चुकीची समजूत आधी काढून टाकू या. हे डांबर आखातातूनच येतं असं कुणी सिद्ध केलं?

गोव्याला दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेनं किनाऱ्यावरच्या गोळ्यांची रासायनिक तपासणी केली आहे. प्रत्येक तेलक्षेत्राच्या तेलात काही रेणूंचं प्रमाण ठरलेलं असतं, ते उन्हापाण्यात सहसा बदलत नाही. वासावरून आपण हापूस की पायरी सांगतो, तसं यंत्र सांगतं. त्यात काही गोळे टँकरच्या टाक्या धुतल्याचे निघाले, आणि काही चक्क बॉम्बे हायचे. म्हणजे चोर शोधायला मस्कतला जायचं आणि तो निघायचा आपल्याच माजघरात, असंही होऊ शकतं.

आता टाकी धुणं. टँकर तेल उतरवून रिकामा परत आखाताकडे निघाला की टाक्यांच्या तळाला गाळ राहतो. पूर्वी समुद्राच्या पाण्यानं धुऊन सरळ बाहेर सोडायचे. आंतरराष्ट्रीय मार्पोल नियमानं त्याला वेसण घातली. साध्या समुद्रात किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या बाहेर, जहाज चालू असताना, मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त तेल नाही, आणि एकूण तेल आधीच्या मालाच्या तीस हजाराव्या हिश्शापेक्षा कमी. "विशेष क्षेत्र" असेल तिथं टाक्यांचं धुतलेलं पाणी एक थेंब नाही.

आखात विशेष क्षेत्र म्हणून कधी ठरलं? १९७३. लागू कधी झालं? १ ऑगस्ट २००८. पस्तीस वर्षं का लागली, तर तो घाण पाण्याचा साठा उतरवून घ्यायची सोय किनाऱ्यावरच्या बंदरांत असल्याशिवाय नियम लागू होत नाही. "समुद्रात टाकू नको" म्हणायचं तर "इथं टाक" असंही म्हणावं लागतं. आठ देशांनी मिळून ती सोय उभी करणं हे खरं काम होतं, त्याला ना फोटो ना बातमी. ओमानचा अरबी समुद्राचा भाग २००७ मध्ये आला. तांबडा समुद्र आणि एडनचं आखात तर आत्ता, १ जानेवारी २०२५ ला. आपला पश्चिम किनारा मात्र साध्या समुद्रात मोडतो. आता तुम्हीच विचार करा, एखाद्या बेरकी कप्तानाला टाकी धुवायचीच असेल तर तो त्या दारात शिरण्याआधी धुवेल की नंतर? सगळे तसे नसतात. नियम पाळून मैलामैलाचं रेकॉर्ड ठेवणारे मी जास्त पाहिलेत. पण रात्री एक झडप उघडणारा एकही पुरतो.

झेंडा पनामाचा, मालक तिसराच, यावरही उपाय आहे, आणि तो आखाताच्या करारात नाही, जगाच्या करारात आहे. टँकरच्या तेलाची भरपाई आधी जहाजाचा विमा देतो. तो कमी पडला किंवा बुडाला तर लंडनचा आंतरराष्ट्रीय निधी देतो. उदाहरण डोळ्यांसमोरचं. १९ जून २०१३ ला मस्कतच्या सुलतान काबूस बंदराबाहेर नेसा आर-३ नावाचा छोटा टँकर बुडाला. इराणच्या बंदर अब्बासहून भरलेलं साडेआठशे टनांच्या आसपास बिटुमेन. म्हणजे शब्दशः डांबर, ताई! कप्तान गेला. आमचं जहाज आठवड्याभरानं तिथं लागलं, तेव्हा किनाऱ्यावर पांढऱ्या पोशाखातली माणसं फावड्यानं वाळू खरवडत होती, आणि ऊन इतकं की दुपारी डांबर पातळ होऊन फावड्यावरून ओघळायचं, म्हणून काम पहाटे. इराणचा माल, ओमानचा किनारा, आणि विमा कंपनीनं हात वर केले. ओमाननं इराणशी भांडण काढलं नाही, निधीकडे बिलं पाठवली आणि निधीनं भरली.

आता खरी मेख. त्या निधीत पैसे कोण घालतं? समुद्रमार्गे वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल उतरवून घेणाऱ्या कंपन्या. म्हणजे विकणारा नाही, घेणारा. आणि मोठ्या वर्गणीदारांत भारत आहे. मस्कतची वाळू खरवडली त्यात थोडा वाटा आपल्या रिफायनऱ्यांचा. आपणही त्या निधीचे सदस्य आहोत, आपल्यालाही मागता येतं. जहाज कुठलं ते कळलं नाही तरीही, पण ते तेल टँकरमधूनच आलं हे दाखवावं लागतं. अडतं ते इथंच.

हापूस_आणि_हवामान

मध्येच घुसतो, माफ करा. तेलाचं कळलं. पण आखाताकडून येणारं सगळंच काही जहाजातून येत नाही. २०२२ च्या जानेवारीत मुंबईत गाड्यांवर पिठासारखी धूळ बसली होती, पश्चिमेकडच्या वाळवंटांवरून वाऱ्यानं आलेली. मोहोराच्या दिवसांत असलं काही आलं की आम्हा बागायतदारांची झोप उडते. तिला ना झेंडा, ना विमा, ना निधी. ती उठते कुठं? इराकमध्ये नद्या आटल्या, दलदली सुकल्या, त्या उघड्या जमिनीवरून. नद्या का आटल्या, तर बऱ्याच अंशी वर तुर्कस्तानात धरणं झाली म्हणून. २०१८ मध्ये बसऱ्याला खारं, घाण पाणी पिऊन लाखाहून जास्त माणसं दवाखान्यात गेली. इराकनं २०२३ मध्ये नदीवाटपाच्या जागतिक करारावर सही केली, त्या भागातला पहिला देश. तुर्कस्तान काही त्यात नाही. खालच्यानं सही करून वरचा पाणी सोडतो का, हे चिपळूणकरांना विचारा. तिथं उलटी तऱ्हा, कोयनेचं पाणी नको तेव्हाही येतं.

टोळांच्या बाबतीत मात्र त्यांचं जमलंय असं मी म्हणेन. म्हणजे अर्धं. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळं आपल्याच अरबी समुद्रातून जाऊन ओमान-यमनवर आदळली. सौदी-ओमानच्या मधल्या रिकाम्या वाळवंटात तळी साचली, हिरवळ आली, आणि कुणाचं लक्ष नसताना टोळांच्या पिढ्या वाढल्या. टोळांसाठी त्या भागातल्या देशांचा आयोग १९६७ पासून आहे, कैरोला. माहितीची देवाणघेवाण इतकी चोख की शत्रू देशही आकडे कळवतात. पण यमनमध्ये लढाई, तिथं कुणी मोजायला जाऊच शकलं नाही, आणि नकाशात तेवढंच भोक राहिलं. त्या भोकातून टोळ इराण, पाकिस्तान, राजस्थान करत २०२० च्या मेअखेर विदर्भात. आम्ही इकडं व्हॉट्सॲपवर टोळांच्या नावानं ताटं वाजवायची तयारी करत होतो. आलं काय, तर ३ जूनला निसर्ग वादळ. टोळ एकही नाही, पोफळ एकही उभी नाही.

सुरूबनातली

बाप रे. एका चादरीवरून कुठल्या कुठं गेलो. सगळ्यांचे आभार.

इंजिनियर काका, बॉम्बे हायचं वाचून मी जरा ओशाळले. इतकी वर्षं पाहुण्यांना बेधडक "आखात" सांगत होते. एक विचारू? सांडल्यावरच सगळे धावतात असं दिसतंय. आधीच कळून, सांडायच्या आत कुणी काही केलंय का तिकडं?

इंजिनरूम_निवृत्त

केलंय, एकदा तरी. तांबड्या समुद्रात, यमनच्या होदेदाजवळ सेफर नावाची १९७६ ची टँकर कायमची नांगरून तेलाची कोठी केली होती. आत अकरा लाख चाळीस हजार पिंपं. २०१५ पासून लढाईमुळे देखभाल बंद. पंप बंद, आग लागू नये म्हणून टाक्यांत भरतात तो निष्क्रिय वायू बंद, म्हणजे ठिणगीची वाट बघणारा बॉम्ब. किनारा हौथी बंडखोरांच्या ताब्यात, सरकार दुसऱ्याचं, परवानगीला वर्षं गेली. शेवटी संयुक्त राष्ट्रांनी स्वतः एक जुनी टँकर विकत घेतली! देशांनी पैसे दिले, साध्या माणसांनीही ऑनलाइन वर्गणी काढली. २५ जुलै ते ११ ऑगस्ट २०२३, अठरा दिवसांत तेल एकीतून दुसरीत. फुटली असती तर साफसफाईलाच वीस अब्ज डॉलर लागले असते असा त्यांचा अंदाज होता. तेल नक्की कुणाच्या मालकीचं यावरचा वाद मात्र नव्या जहाजावरही चढला. त्या समुद्राचा करारही आहे, जेद्दाचा, १९८२ चा. पण त्याच्या कागदात बंदूकवाल्याशी बोलणी कशी करायची ते नव्हतं.

दाभोळखाडीवाला

ताई, माझ्या जोडीदाराचे खिडकीतून उडालेले कागद आठवा. तुम्हाला आखाताला पत्र लिहायचं नाही, वही घालायची आहे. गोळे दिसले की काचेच्या स्वच्छ बरणीत दोन-चार घ्या, प्लास्टिकला हातसुद्धा लावू देऊ नका, प्लास्टिकही तेलातूनच होतं आणि तपासणीत घोळ होतो. झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल. चिठ्ठीवर तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठला. फोटोत शेजारी नाणं ठेवा. बरणी फ्रिजमध्ये. आणि तटरक्षक दलाला १५५४ वर फोन, त्यांच्याकडे नोंद होते. तारीख का म्हणाल, तर उपग्रहाच्या चित्रात रात्रीही तवंग दिसतो आणि कुठलं जहाज कुठल्या तासाला कुठं होतं तेही राहतं. दोन्ही जुळवायला तुमचा दिवस हवा. रापणकर दादा, तुम्हीही देवबागला घाला. दोन ठिकाणची तारीख असली की तेल कुठल्या दिशेनं चढलं ते समजतं.

रापणकर_देवबाग

घालतंय. बरणी बायलेकडसून मागूक व्हयी, ता काम इराणाशी बोलण्यापेक्षा कठीण हा.

सुरूबनातली

तीन बरण्या झाल्या. पहिली सहा जूनची, पहाटेची ओहोटी, वारा नैऋत्येचा. १५५४ ला फोन लागला, पलीकडच्या मुलानं नीट लिहून घेतलं आणि "मॅडम, अक्षांश-रेखांश?" असं विचारलं. ते फोनमध्ये कसं बघायचं ते भाच्यानं शिकवलं.

आज सकाळी सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि आतूनच ओरडल्या, "अगो, ही काकवी इतकी घट्ट कशी झाली?" चमचा हातात होता त्यांच्या.

दाभोळखाडीवाला

झाकणावर चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लावा, आणि खालच्या कप्प्यात ठेवा.